शे, एकदाच

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, ही जयराम गांगुर्डेची जुनी खोड. वीज कंपनीचं छापील पत्रक आलं तरी 'आपले पत्र पोहोचले, आभारी आहे' असं दोन ओळींत कळवून तो मोकळा व्हायचा. सातपूरच्या पोस्टातले लोक त्याला ओळखायचे ते त्यामुळेच. आणि अशा माणसानं एका पत्राला, आयुष्यात आलेल्या सगळ्यात सुंदर पत्राला, थंडी सरत आली तरी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चीनमधल्या शिआन शहरातून आलेलं. हॉटेलच्या जाड कागदावर मोठं, उभट, घाईचं अक्षर. शेवटची ओळ अहिराणीत होती. 'तुना मनमा काय शे?'

तुझ्या मनात काय आहे... एवढंच.

काय आहे ते जयरामला ठाऊक होतं. अगदी लख्ख ठाऊक होतं. पण ते कागदावर उतरवायचं म्हणजे —

हे सगळं सुरू झालं ते एका फळ्यामुळे.

सातपूरच्या कारखान्यांना लागून एक कामगार वसाहत आहे. तिथल्या लहानशा वाचनालयात जयराम ग्रंथपाल. पन्नाशीला टेकलेला. लग्न करायचं नाही असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. बघू, बघू म्हणता म्हणता राहून गेलं. त्याला नाद एकच, चीनमधल्या शहरांचा. लहानपणी आजोबांचं बोट धरून तो नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढला होता, तेव्हा आजोबा म्हणाले होते, "चीनमधून एक भिक्खू चालत चालत आपल्या मुलखात आला होता बाळा, आणि पोथ्या घेऊन परत गेला." परत कुठं गेला? ते शहर कसं होतं? पोरानं नकाशात शोधलं. शिआन सापडलं. मग शिआनच्या शेजारचं शहर, मग त्याच्या पलीकडचं... असं करता करता चीनमधल्या अनेक शहरांच्या गल्ल्या त्याला पाठ झाल्या. स्वतः मात्र तो विमानतळाच्या फाटकापर्यंतही गेलेला नव्हता.

मधली काही वर्षं बंद असलेली चीनची विमानं पुन्हा सुरू झाली तशी वसाहतीतून कुणी मशिनरी बघायला, कुणी फिरायला तिकडे निघू लागलं. वाचनालयाच्या समितीनं जयरामच्या गळ्यात काम घातलं: दर शनिवारी प्रवाशांना तिथल्या शहरांची ओळख करून द्यायची. जयरामला घाम फुटला. पण नाही म्हणायलाही धाडस लागतं, आणि तेही त्याच्याकडे नव्हतं.

'चीनमधील प्रमुख शहरे : प्रवाशांसाठी ओळख' असा मथळा त्यानं शिपाई धोंडीरामकडे दिला. फळा लहान, अक्षरं मोठी. धोंडीरामनं आपल्या अकलेनं ते बसवलं. बाहेर फळ्यावर लागलं, 'शनिवारी सहा वाजता चायनीज. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.'

त्या शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती.

जयरामला भरून आलं. एवढी माणसं... चीनसाठी! त्यानं सुरुवात केली. "बीजिंग हे शहर एका सरळ रेषेभोवती वसवलेलं आहे. मधोमध राजवाडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना —"

"सर," मागून एक जण म्हणाला, "आधी सूप देणार का डायरेक्ट मंचुरियन?"

हशा झाला. मग कुजबुज. मग खुर्च्या सरकल्या. "काय यार... मला वाटलं फुकटात नूडल्स आहेत!" म्हणत माणसं जिना उतरू लागली. बघता बघता सभागृह रिकामं झालं. जयराम खाली मान घालून नकाशाची गुंडाळी करू लागला.

"ओ सर, राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना काय?"

त्यानं वर पाहिलं. तिसऱ्या रांगेत एक बाई बसून होत्या. चाळिशीच्या पुढच्या. मोरपंखी साडी, बोटांवर कसल्याशा शाईचे डाग, आणि मांडीवर स्टीलचा रिकामा डबा.

"तुम्ही... गेला नाहीत?"

"मी पण मंचुरियनलाच आले होते. हा बघा, डबासुद्धा आणलाय." त्यांनी डबा वाजवून दाखवला. "पण तुमचा चेहरा बघून उठवेना."

जयरामचे कान तापले.

"आणि खरं सांगू का, मला पुढच्या महिन्यात तिकडं जायचंच आहे. मागच्या गल्लीत द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना आहे ना, तो माझा. माझे मालक वारले, तेव्हापासून मीच बघते. पुठ्ठा कापायचं मशीन बघायला निघालेय. एजंट म्हणतो, आधी कँटन करू, मग ग्वांगचौ करू."

"ते एकच आहे."

"काय एकच आहे?"

"शहर. परदेशी लोक कँटन म्हणायचे, तिथली माणसं ग्वांगचौ म्हणतात. तो तुम्हाला एकाच गावाला दोनदा नेणार आहे."

बाईंनी डबा खाली ठेवला. मग अशा हसल्या, की दाराशी उभा असलेला धोंडीरामसुद्धा उगाचच हसायला लागला.

"सर, तुमचं मंचुरियन झकास आहे. वाढा!" आणि मग, "मी झुंबर अहिरे. नावाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

"झुंबराला कोण हसेल?" जयरामच्या तोंडून निघून गेलं. "ते तर... मान वर करून बघायचं असतं."

बोलून गेल्यावर त्याला नकाशाआड लपावंसं वाटलं.

पुढच्या शनिवारपासून श्रोते दोनच. पहिल्या रांगेत झुंबर, आणि शेवटच्या रांगेत पेंगणारा धोंडीराम. पण जयराम असा काही खुलला, की त्याचं त्यालाच नवल वाटावं.

शांघाय सांगताना त्यानं टेबलावर ओढणीसारखा एक निळा रुमाल पसरला. "ही हुआंगपू नदी. आपल्या गोदावरीसारखी शहराचे दोन भाग करणारी. या काठाला जुन्या दगडी इमारती, त्या काठाला ढगात डोकं खुपसलेले मनोरे. संध्याकाळी जुन्या काठावर उभं राहायचं आणि नव्या काठावरचे दिवे पाण्यात उतरताना बघायचे..."

"एकटीनं?" झुंबर विचारी.

"अं? नाही... म्हणजे गर्दी असते तिथं. पुष्कळ."

"अस्सं."

हांगचौच्या तळ्यावर सकाळचं धुकं कसं बसतं, तळ्यापलीकडच्या टेकड्यांवर चहाचे मळे कसे आहेत. सूचौच्या बागांमध्ये खिडक्या अशा कापलेल्या, की प्रत्येकीतून एक वेगळं चित्र दिसावं. छंगतूची माणसं चहाच्या दुकानात दुपार दुपार कशी बसून राहतात, कुणालाही घाई नसते — तो सांगत राही आणि ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राही. आणि शिआन आलं की त्याचा आवाज हळू होई. "पोथ्या ठेवायला त्या भिक्खूसाठी बांधलेला उंच पॅगोडा अजून उभा आहे. आणि शहराभोवतीचा तट एवढा रुंद आहे, की वर सायकल चालवता येते. सगळ्या शहराला वरून प्रदक्षिणा घालता येते..."

"सर, तुम्हाला येते सायकल?"

"यायची. आता... पडेन बहुतेक."

एकदा बाहेर पावसाची सर आली आणि पत्र्यावर असा आवाज सुरू झाला, की बोलणं थांबवावं लागलं. दोघं दाराशी उभे राहिले. तिच्या बांगड्या दाराच्या चौकटीला लागून किणकिणत होत्या.

"ताई, छत्री आहे का तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

"ताई म्हणू नका." ती पावसाकडे बघतच म्हणाली. "सटाण्याला दोन भाऊ आहेत मला. तेवढे पुरेत."

"मग... काय म्हणू?"

"ते तुम्ही शोधा. एवढी पुस्तकं वाचता!"

त्यानं फार शोधलं. शेवटी पुढच्या शनिवारी घसा खाकरून म्हणाला, "अहो..."

झुंबरनं तोंडाला पदर लावला. "अहो सर, 'अहो' तर बाईनं म्हणायचं असतं!"

मागच्या रांगेतून, डोळे मिटलेले असतानाच, धोंडीराम खोकला.

त्याच दिवशी तिला फोन आला, सटाण्याहून, भावाचा. फोनवर ती वेगळीच बोलली. भराभर, मोकळी, गाण्यासारखी. "बरं शे रे... आठेच शे मी... हो, काम शे..." फोन ठेवला आणि जयराम टक लावून बघतोय म्हटल्यावर ती ओशाळली. "घरची भाषा आहे. अहिराणी. कारखान्यात बोलले की पोरं हसतात, म्हणून सोडलीय."

"परत म्हणा."

"काय?"

"'आहे'ला काय म्हणालात?"

"शे."

जयरामनं धावत जाऊन एक जाडजूड पुस्तक आणलं. "हे बघा. बीजिंगमध्ये 'आहे' म्हणायला जो शब्द आहे ना, तो असाच आहे. थोडी जीभ मागे वळवून... 'श्र'सारखा. आणि 'हो' म्हणायचं तरी तोच शब्द. अहो, एवढी मोठी राजधानी तुमच्या घरच्या भाषेत 'हो' म्हणते!" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे... असं पुस्तकात आहे. मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. चुकीचंही असेल."

झुंबरनं पुस्तक जवळ ओढून त्या शब्दावर बोट ठेवलं. आजवर तिच्या शब्दाला कुणी असं उचलून डोक्यावर घेतलं नव्हतं.

ऑक्टोबरात ती गेली. आणि दिवाळीनंतर ते पत्र आलं.

'सर,

मशीन पसंत पडलं. ग्वांगचौला सकाळी माणसं चहाबरोबर वाफाळलेल्या छोट्या छोट्या टोपल्या घेऊन बसतात, तुम्ही म्हणाला होतात तश्शीच. बाकीचे बीजिंग, शांघाय करून परत फिरले. मी एकटी शिआनला आले. एका माणसानं तटावर सायकल चालवायला सांगितलं होतं ना.

तुमच्या दोन गोष्टी चुकल्या. बीजिंगच्या रस्त्यावर सायकलींचा पूर असतो म्हणालात. आता विजेच्या स्कूटर आहेत, आवाज न करता मागून भुतासारख्या येतात. रोख पैसे जवळ ठेवा म्हणालात. इथं भाजीवालीसुद्धा फोनवरच पैसे घेते, माझ्या नोटेकडे तिनं जुन्या नाण्यासारखं पाहिलं. आणि शांघायच्या दिव्यांबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते कमी होतं. फार कमी होतं. मी तिथं एकटी उभी राहिले. गर्दी पुष्कळ होती.

एक गंमत. तटाखाली चहाचं दुकान आहे. तिथल्या म्हातारीनं बोट दाखवून विचारलं, "यिंदू?" म्हणजे इंडियाची का. मी आनंदानं म्हटलं, "शे, शे!" तर तिनं हात हलवला, लाजली आणि माझा कप पुन्हा भरला. मला काही समजेना. नंतर गाइड मुलीनं सांगितलं, एकदा 'शे' म्हटलं तर 'हो'. घाईत दोनदा म्हटलं की त्यांना ते 'आभार' ऐकू येतं. बघा, आपण हो हो म्हणायला जावं आणि नुसते आभार मानून परत यावं!

आता ऐका. फोन करू नका, फोनवर तुम्ही गप्प बसता. समोर येऊ नका, समोर आलात की लोकसंख्या सांगता. ग्वांगचौच्या एप्रिलमधल्या व्यापारी मेळ्याला मी परत येणार आहे. दोन तिकिटं काढणार आहे. दुसरं नाव एजंटला फेब्रुवारीअखेर द्यायचंय. मनात असेल तर पोस्टानं कळवा. आभाराचं पत्र मात्र नको, धोंडीरामनं सांगितलंय मला, ते वीज कंपनीला ठेवा.

तुना मनमा काय शे?

झुंबर'

दुसरा कुणी असता तर नाचला असता. जयरामला पहिल्यांदा टोचल्या त्या दोन चुका. तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकावरून आपण तिला बीजिंग सांगत होतो! तिनं ते शहर डोळ्यांनी पाहिलं, आपण कागदावर. तिच्याबरोबर विमानात बसून आपण काय करणार? दार कुठं, पट्टा कसा बांधायचा, हेही तिलाच विचारणार. उद्या तटावर सायकलवरून पडलो तर? तिला हात द्यायचा सोडून आपल्यालाच उचलायला लावायचं?

तो लिहायला बसे. 'आपले पत्र पोहोचले. आपण माझ्याविषयी एवढा विचार केलात याबद्दल' — आणि लेखणी सवयीनं पुढच्या शब्दाकडे वळे. तो कागद फाडून टाकी.

झुंबर परत आली, हे त्याला कारखान्यातल्या नव्या मशीनच्या आवाजावरून समजलं. शनिवारी तिची खुर्ची रिकामी राहिली. पुढच्याही शनिवारी. तो रिकाम्या खुर्चीला नानजिंग सांगत राहिला. एके दिवशी धोंडीराम न पेंगता म्हणाला, "सर, रागावू नका, पण हे शहर काय मला गोड लागंना. ताई असल्या म्हणजे कसं, झोपेतसुद्धा दिसायचं सगळं."

द्राक्षांचे ट्रक भरायला लागले. आणि एका गुरुवारी, सकाळची पाळी सुटायच्या वेळी, सातपूरच्या बसथांब्याजवळ चहाच्या टपरीशी ती समोर आली. हातावर पुठ्ठ्याची धूळ, कपाळावर घाम. जयराम थांबला.

तिनं हात पदराला पुसले. मग टपरीवाल्याला म्हणाली, "दोन च्या दे रे."

पेला तिनं स्वतः त्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. गरम पेला होता म्हणून, की कशामुळे कोण जाणे, जयराम गडबडला आणि त्याच्या तोंडून निघालं, "थँक्यू... थँक्यू."

झुंबरचा पेला ओठांपाशी थांबला.

"दोनदा म्हणालात."

"अं?"

"एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे आभार." ती हसायला गेली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "हेच उत्तर समजू का मी?"

नाही! नाही, असं काही नाही... त्याला ओरडून सांगायचं होतं. ओठ हलले. आणि बाहेर काय पडलं?

"ग्वांगचौला... एप्रिलमध्ये पाऊस असतो."

तिनं खाली पाहिलं. पेल्यातला उरलेला चहा एका घोटात संपवला. "असू दे. छत्री एक घ्यायची का दोन, ते सोमवारी ठरवायचंय. सोमवारी नाव देतेय मी." दोन पावलं गेली, आणि वळून हळूच म्हणाली, "सर, तटावर मीही पडले होते सायकलवरून. तिथं सगळेच पडतात. कुणी हसत नाही."

ती गेली. बस आली, माणसं उतरली, चढली. जयराम हातात पेला धरून तसाच उभा.

पडली होती? झुंबर? जी एकटीनं कारखाना चालवते, एकटीनं शिआन गाठते, ती पडली होती... आणि पडल्यावर तिला वाटलं असेल, शेजारी कुणीतरी हसायला हवं होतं. आपलं, ओळखीचं. तिला वाट दाखवणारा माणूस नकोच होता. वाट ती स्वतः शोधते. तिला आपल्या सोबतीनं वाट चुकायला माणूस हवा होता!

पेला तसाच ठेवून तो निघाला. चालता चालता पावलं भराभर पडू लागली. पोस्टात जाऊन त्यानं एक कार्ड घेतलं, खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर ठेवलं. पत्ता लिहिला. मागच्या गल्लीतलाच पत्ता, पण अक्षर असं जपून काढलं, जणू कार्ड बीजिंगला जाणार होतं. मग कार्ड उलटलं, आणि मधोमध लिहिलं,

'शे.'

मोठं कोरं कार्ड, आणि त्यात एवढासा शब्द. सवयीनं हात पुढे सरकला. एवढी रिकामी जागा सोडणं बरं दिसत नाही... काहीतरी लिहावं, दोन शब्द, रीतीचे... पेनाचं टोक कागदाला टेकणार, तोच त्यानं ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं. टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. खिशाचं बटणसुद्धा लावलं.

बाहेर लाल पेटीपाशी काळूभाऊ पोस्टमन नुकताच टपाल काढायला बसला होता. जयरामनं कार्ड पेटीच्या तोंडातूनच आत टाकलं. हातात देणं त्याला जमलं नसतं. कार्ड घसरत जाऊन सरळ काळूभाऊच्या पिशवीत पडलं.

काळूभाऊनं ते उचललं. कार्ड वाचू नये असा नियम त्यानं कधी पाळला नव्हता.

"काय सर, शाई संपली का? एकच अक्षर?"

"एकच."

"आणि हे तर मागच्या गल्लीतलंच. चालत गेला असता तर —"

"पोस्टानंच जायला हवं. शनिवारपर्यंत पोचेल ना?"

"उद्या सकाळीच देतो. पण एवढी जागा कोरी आहे हो. अजून एखादं लिहा, पेन देतो मी."

"नको!" जयराम एवढ्या जोरात म्हणाला, की रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मग त्याचं त्यालाच हसू आलं. "अजून एक लिहिलं ना काळूभाऊ, की त्याचे आभार होतात."

काळूभाऊला काही उमगलं नाही. त्यानं कार्ड गठ्ठ्यात सारलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि दर वेळी ऐकू येणाऱ्या त्या 'आभारी आहे'साठी क्षणभर थांबला. पण आज ते आलंच नाही. जयराम तोवर रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता. एका सायकलच्या दुकानापुढे उभा राहून तो विचारत होता, "भाड्यानं मिळेल का हो एखादी? पुन्हा शिकायला?"